संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटं १५ सेकंदांनी

गुरुवार, ३० सप्टेंबर २०२१. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटं १५ सेकंदांनी एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली आणि जगभरातल्या असंख्य जुन्या लिनक्स सर्व्हरांनी इंटरनेटच्या मोठ्या भागाशी बोलणं बंद केलं. हा क्षण त्या सर्टिफिकेटवर २१ वर्षांपूर्वीच लिहिलेला होता, सेकंदासकट. इतकी आधी सांगून आलेली आपत्ती शोधूनही सापडायची नाही, म्हणूनच तिचा घटनाक्रम तासातासाने मांडायला हवा.

त्यासाठी एक मशीन नमुन्यादाखल समोर ठेवू. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आणि मार्केट यार्डातल्या अडत दुकानांत जसं असतं तसं. टेबलाखाली ठेवलेला सर्व्हर, त्यावर उबंटू १६.०४ ही लिनक्सची आवृत्ती, त्यात बिलं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर. त्याला अपडेट दोन ठिकाणांहून मिळतात. पहिलं ठिकाण उबंटूची स्वतःची रिपॉझिटरी, साध्या एचटीटीपीवर. दुसरं ठिकाण बाहेरच्या सॉफ्टवेअर कंपनीची रिपॉझिटरी, एचटीटीपीएसवर, आणि तिचं सर्टिफिकेट ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या मोफत सेवेचं. मशीन बसवून देणारा मुलगा कधीच पुण्याला नोकरीला गेलेला. हा नमुना माझ्या मनातला असला तरी त्याचा प्रत्येक भाग त्या दिवशी जगात खरोखर चालू होता.

१ ऑक्टोबर २०००, पहाटे २:४२:१९

अमेरिकेत अजून ३० सप्टेंबरच आहे. ‘डिजिटल सिग्नेचर ट्रस्ट’ या कंपनीच्या नावाचं एक रूट सर्टिफिकेट तयार होतं: डीएसटी रूट सीए एक्स३. रूट म्हणजे ज्याच्या शब्दावर बाकीच्या सर्टिफिकेटांची खातरजमा होते, ते मूळ. त्यावर शेवटची तारीखही लिहिली जाते: ३० सप्टेंबर २०२१, १४:०१:१५ जीएमटी. पुढच्या वर्षांत हे रूट विंडोज, मॅक, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिनक्स या सगळ्यांच्या विश्वासू यादीत जाऊन बसतं. उलटी मोजणी सुरू झालेली असते.

४ जून २०१५

इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही ना-नफा संस्था आपलं रूट तयार करते: आयएसआरजी रूट एक्स१. याच संस्थेची लेट्स एन्क्रिप्ट सेवा कोणत्याही वेबसाइटला फुकट सर्टिफिकेट देणार असते. अडचण एकच. नवं रूट जुन्या फोनांच्या आणि सर्व्हरांच्या यादीत पोचायला वर्षं लागतात. म्हणून जुन्या डीएसटी रूटची मालक कंपनी आयडेनट्रस्ट नव्या सेवेसाठी आपली सही देते. उसन्या विश्वासावर सेवा उभी राहते आणि २०२१ पर्यंत २५ कोटींहून अधिक वेबसाइट तिच्यावर चालू लागतात.

पतसंस्थेच्या कर्जाच्या फायलीत दोन जामीनदार असावेत, तशी ही रचना होती. जुना जामीनदार सगळ्यांच्या ओळखीचा, नवा तितकाच भक्कम पण नवखा. जुन्याची मुदत संपली तर शहाणा क्लार्क पान उलटून नव्याचं नाव पाहतो. पण पहिलंच नाव वाचून फाइल परत करणारा क्लार्क असेल तर? जुन्या लिनक्समध्ये नेमका तसला क्लार्क बसलेला होता. त्याचं नाव ओपनएसएसएल १.०.२, सर्टिफिकेट तपासणारं सॉफ्टवेअर.

३० मे २०२०, दुपारी ४:१८:३८

रंगीत तालीम. ‘अ‍ॅडट्रस्ट एक्स्टर्नल सीए रूट’ नावाचं दुसरं एक जुनं रूट या क्षणी कालबाह्य होतं. ओपनएसएसएलच्या आणि तेच काम करणाऱ्या जीएनयूटीएलएसच्या जुन्या आवृत्त्या अगदी याच चुकीने अडतात: वेबसाइटपासून रूटपर्यंत सह्यांची पर्यायी, वैध साखळी हाताशी असूनही त्या कालबाह्य रूटपाशी जाऊन थांबतात. जीएनयूटीएलएसची ही खोड ३.६.१४ या आवृत्तीत दुरुस्त होते. महाराष्ट्रात तेव्हा लॉकडाऊन चालू. आपल्या टेबलाखालच्या मशीनपर्यंत हा धडा पोचत नाही. अजून सोळा महिने शिल्लक आहेत.

नोव्हेंबर ते डिसेंबर २०२०

लेट्स एन्क्रिप्टपुढे एक कठीण निवड येते. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन नवं रूट ओळखत नाहीत, आणि तेव्हा अँड्रॉइड फोनांपैकी जवळपास एक तृतीयांश फोन असे होते. जुनं रूट गेलं की या फोनांवर कोट्यवधी वेबसाइट उघडणार नाहीत. भारतासारख्या देशात, जिथे घरातला जुना फोन धाकट्याकडे आणि मग गावी जातो, याचा अर्थ फार मोठा होता.

तोडगा निघतो. अँड्रॉइड आपल्या यादीतल्या रूटची शेवटची तारीख तपासत नाही. म्हणून जुनं रूट नव्या रूटसाठी आणखी एक सही करून देतं, आणि ती सही ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत चालणार असते, म्हणजे सही करणाऱ्याच्या स्वतःच्या मुदतीपेक्षा तीन वर्षं जास्त. जुने फोन वाचतात. पण त्यामुळे लेट्स एन्क्रिप्टच्या वेबसाइट एरवी जी साखळी पाठवणार, तिच्या टोकाला आता कालबाह्य होणारं नाव राहणार. नवं सॉफ्टवेअर मध्येच एक्स१ ओळखून थांबेल. जुनं सॉफ्टवेअर टोकापर्यंत जाईल आणि नकार देईल.

मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो. जुना फोन वापरणाऱ्या माणसाच्या हातात काहीच उपाय नव्हता; सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हातात होता. ओझं ज्याला पेलवेल त्याच्याकडे गेलं. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत होती: प्रत्येक सर्व्हर कुणीतरी सांभाळत असतं.

एप्रिल २०२१

उबंटू १६.०४ ची पाच वर्षांची नियमित मुदत संपते. यापुढच्या सुरक्षा दुरुस्त्या विस्तारित सेवेत नाव नोंदवलेल्या मशीनलाच मिळणार. वैयक्तिक वापरासाठी मोजक्या मशीनची नोंदणी तेव्हा फुकट होती. धंद्याच्या मशीनसाठी पैसे भरावे लागत. आपलं मशीन नोंदवलेलं नाही. अपडेट तपासलं की ते म्हणतं, ‘सगळं अद्ययावत आहे’. ते खोटं बोलत नाही. त्याच्यासाठी नवं काही येतच नाही. रोज हिरवा दिवा दाखवणारं मशीन महिनोन्‌महिने मागे पडत जातं आणि कुणाला शंका येत नाही.

१३ सप्टेंबर २०२१

सतरा दिवस बाकी. ओपनएसएसएलचे विकासक जाहीर इशारा देतात: १.०.२ वापरणाऱ्यांना महिनाअखेरीस अडचण येणार. उपायही सांगतात. आपल्या यादीतून जुनं रूट काढून टाका. किंवा आपल्या यादीतलं रूट आधी पाहण्याचा पर्याय चालू करा. किंवा वेबसाइटवाल्यांनी जुन्या नावाशिवायची छोटी साखळी पाठवावी. पहिला उपाय करायला दोन मिनिटं लागतात.

सप्टेंबरचा चौथा आठवडा

उबंटू जुनं रूट वगळलेलं सर्टिफिकेटांचं पॅकेज पाठवते, १६.०४ साठी विस्तारित सेवेतून. सेंटओएस ७ या दुसऱ्या लिनक्सवरही सप्टेंबरातच तसंच पॅकेज आलेलं असतं. ज्या मशीनवर अपडेट नियमित चालू आहेत, त्यांची आपत्ती इथेच टळते, मालकाला कळायच्याही आत. आपल्या मशीनच्या वाटेला यातलं काही येत नाही.

३० सप्टेंबर, रात्री १२:५१:४०

पहिला धक्का. साखळीतली मधली कडी असते आर३ नावाचं सर्टिफिकेट. त्याची जुन्या रूटने सही केलेली प्रत या क्षणी कालबाह्य होते. मे महिन्यापासून लेट्स एन्क्रिप्ट नवी प्रत देते आहे. पण काही सर्व्हरांवर जुनी प्रत हाताने बसवलेली आहे, काही विंडोज सर्व्हर अजूनही तीच पुढे करताहेत. अशा वेबसाइट रात्रीतच अडू लागतात. मुख्य घाव यायला अजून अठरा तास चाळीस मिनिटं आहेत.

सकाळी ६ ते ७

उबंटूत आपोआप अपडेट बसवण्याचं काम याच तासात कधीतरी चालतं; सगळी मशीनं एकदम तुटून पडू नयेत म्हणून वेळ मुद्दाम पुढेमागे ठेवलेली असते. नोंदणी झालेली मशीनं दुरुस्त होऊन कामाला लागतात. आपलं मशीन यादी पाहतं, काही मिळत नाही, पुन्हा झोपतं.

सकाळी ११

सहामाहीचा शेवटचा दिवस. बँकांत, पतसंस्थांत, कारखान्यांच्या अकाउंट्समध्ये ताळमेळाची घाई. या वेळी कुणी टर्मिनल उघडून अपडेट तपासलं असतं, तर दोन्ही रिपॉझिटरींनी मुकाट उत्तर दिलं असतं. आपत्तीच्या साडेआठ तास आधी लक्षण एकही नाही. मुदतीच्या आपत्तीचा स्वभावच असा, ती हळूहळू बिघडत येत नाही. एका सेकंदाला सगळं चालू असतं आणि पुढच्या सेकंदाला बंद. म्हणून लक्षणांची वाट पाहून चालत नाही. तारीख वाचावी लागते.

संध्याकाळी ६

अपडेटच्या याद्या तपासण्याचं दिवसातलं दुसरं आवर्तन सुरू होतं. उबंटूचं वेळापत्रक सकाळी आणि संध्याकाळी ६ ला ठरलेलं, पण प्रत्यक्ष वेळ पुढच्या बारा तासांत कुठेही पडते. कुणाची तपासणी पावणेसातला होते आणि बिनबोभाट पार पडते. कुणाची आठला ठरलेली असते. एकसारखी दोन मशीनं, एकसारखी आवृत्ती. एक आज रात्री ठीक दिसणार, दुसरं बिघडलेलं. उद्या या फरकामुळे माणसं चुकीच्या दिशेने कारण शोधत बसणार आहेत.

७:३१:१५

डीएसटी रूट सीए एक्स३ कालबाह्य.

७:४५

आपल्या मशीनची तपासणी चालते. उबंटूची रिपॉझिटरी उत्तर देते. ती साध्या एचटीटीपीवर आहे. तिची खात्री पॅकेजांच्या यादीवरच्या वेगळ्या सहीने होते, सर्टिफिकेटाशी तिचा संबंध नाही. बाहेरच्या कंपनीची रिपॉझिटरी मात्र लाल होते: सर्व्हरच्या सर्टिफिकेटची पडताळणी झाली नाही. शेवटी एक ओळ येते: काही याद्या उतरल्या नाहीत, त्या वगळल्या आहेत किंवा जुन्याच वापरल्या आहेत.

‘जुन्याच वापरल्या आहेत’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. मशीन थांबत नाही. शिळ्या यादीवर पुढे जात राहतं, बिलं निघत राहतात, आणि त्या एका रिपॉझिटरीतून येणारी प्रत्येक दुरुस्ती यापुढे येणं बंद होतं. सेंटओएस ७ वर उलट घडतं. तिथला ‘यम’ हा पॅकेज मॅनेजर एका रिपॉझिटरीने नकार दिला की सगळंच काम थांबवतो. म्हणजे बाहेरची एक रिपॉझिटरी अडल्याने सेंटओएसच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत तयार असलेलं औषधही खाली उतरत नाही. आजार आणि औषधाचा रस्ता एकच.

८:१५

कुणीतरी मोबाइलवर तोच पत्ता उघडून पाहतं. कुलपाच्या चिन्हासह वेबसाइट उघडते. क्रोम आणि फायरफॉक्स नव्या रूटला ओळखतात; जुना अँड्रॉइड तारीख पाहत नाही. निष्कर्ष निघतो: ‘साइट चालू आहे, आपलंच नेट खराब असणार’. राउटर बंद करून चालू केला जातो. ब्रॉडबँडवाल्याला फोन जातो. खरा दोष टेबलाखाली, एका फाइलमधल्या एका नोंदीत आहे, आणि तिकडे कुणी पाहत नाही.

रात्री ९

मोठी नावंही अडखळलेली आहेत. शॉपिफाय, झेरो, फोर्टिनेट, ओव्हीएच, ऑथ०, हेरोकू, नेटलिफाय: त्या दिवशी या सगळ्यांकडे काही ना काही बिघाड नोंदला गेला. वर्षानुवर्षं आधीपासून माहीत असलेली तारीख, तरीही. त्यांच्याकडे रात्रपाळीचे इंजिनिअर आहेत. काही तासांत त्यांची गाडी रुळावर येते.

रात्री १०

हा सगळ्यात धोकादायक तास. दोष कळत नाही, काम अडलेलं आहे, आणि समोर एक सोपी पळवाट आहे: सर्टिफिकेट तपासणीच बंद करणे. पॅकेज मॅनेजरला सांगता येतं की समोरच्याची ओळख पाहू नकोस. डाउनलोड करणाऱ्या साधनालाही एका अक्षराच्या सूचनेने तसंच सांगता येतं. लाल अक्षरं लगेच गायब होतात.

असं कधीही करू नये, हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो. रिपॉझिटरीतल्या पॅकेजांवर वेगळी सही असते हे खरं, त्यामुळे तपासणी बंद झाल्यावरही एक कुंपण उरतं. पण ती सही पडताळायची किल्ली बहुतेक वेळा त्याच वेबसाइटवरून आणलेली असते. बाहेरच्या कितीतरी कंपन्या तर पत्त्यावरून स्क्रिप्ट उतरवून थेट सर्वाधिकारांसह चालवायला सांगतात. तिथे सर्टिफिकेट हेच एकमेव कुंपण असतं. ते काढलं की मध्ये बसलेला कोणीही आपलं सॉफ्टवेअर तुमच्या मशीनवर मालकाच्या हक्काने चालवू शकतो. शिवाय रात्री घाईत केलेला हा बदल सकाळी कुणी मागे घेत नाही. सर्टिफिकेटची मुदत संपल्याने काही तासांचं काम बुडतं. तपासणी बंद केल्याने मशीन वर्षानुवर्षं उघडं राहतं. आपत्ती म्हणायची तर मी याला म्हणेन.

याच तासात दुसरीही एक व्यर्थ खटपट होते: वेबसाइटचं सर्टिफिकेट पुन्हा काढणं. नवं सर्टिफिकेट त्याच साखळीत बसतं, म्हणून जुन्या मशीनला फरक पडत नाही.

रात्री ११:३०

खरा उपाय. उबंटूवर सर्टिफिकेटांच्या यादीची फाइल उघडायची, डीएसटी रूट सीए एक्स३ च्या ओळीआधी उद्गारचिन्ह टाकायचं, जतन करायचं आणि यादी नव्याने बांधणारी आज्ञा द्यायची. बहुतेक मशीनवर आयएसआरजी रूट एक्स१ आधीपासून असतंच. वाटेतलं जुनं नाव गेलं की जुना क्लार्कही नव्याकडे वळतो. सेंटओएस ७ वर अडलेली बाहेरची रिपॉझिटरी त्या एका वेळेपुरती बाजूला ठेवायची, आधी फक्त सर्टिफिकेटांचं पॅकेज घ्यायचं, मग ती पुन्हा चालू करायची. तपासणी कुठेही बंद करावी लागत नाही.

१ ऑक्टोबर, सकाळ

दुरुस्त केलेल्या मशीनवरही काही गोष्टी अजून अडलेल्या दिसतात. कंटेनरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरची सर्टिफिकेटांची यादी त्याच्या स्वतःच्या पोटात असते. बाहेरची फाइल बदलून आत काही बदलत नाही, कंटेनरची प्रतिमा (इमेज) नव्याने बांधावी लागते. जावा आपली यादी वेगळी ठेवते. एका मशीनवर विश्वासाच्या तीन-चार याद्या असू शकतात, हे कितीतरी ठिकाणी या सकाळी पहिल्यांदा कळतं.

त्यानंतर

घटनाक्रम इथे संपला नाही. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदत संपली, तिच्या मिरर सर्व्हरांची यादी देणारा सर्व्हर बंद झाला आणि यम पत्ताच सापडत नसल्याची तक्रार करू लागला. ३० सप्टेंबर २०२४ ला अँड्रॉइडसाठी घेतलेली उसनी सहीही संपली. वेबसाइटच्या सर्टिफिकेटांचं आयुष्य आता टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे: २०२५ मध्ये ठरलेल्या नियमानुसार मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवस. आयएसआरजी रूट एक्स१ ची तारीखही ठरलेली आहे: ४ जून २०३५, सोमवार, दुपारी ४ वाजून ३४ मिनिटं ३८ सेकंद. मुदती संपण्याचे प्रसंग वाढत जाणार, आणि हाताने लक्ष ठेवणं अवघड होत जाणार.

म्हणून अपडेट तपासताना बाहेरची रिपॉझिटरी लाल झाली, तर आधी ती कशामुळे लाल झाली ते वाचावं. पत्ता सापडत नसेल तर बहुधा नाव बदललं आहे किंवा सेवा बंद झाली आहे. सर्टिफिकेट नाकारलं असेल तर मशीनचं घड्याळ, मग साखळी, मग आपली यादी, या क्रमाने पाहावं. सही जुळत नसेल किंवा किल्ली कालबाह्य असेल तर नवी किल्ली कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून आणावी. फाइल सापडत नाही असं म्हटलं, तर बहुधा ती रिपॉझिटरी तुमच्या जुन्या आवृत्तीला आता काही देत नाही. चार दुखणी, चार वेगळे उपाय. आणि गरज उरली नसलेली रिपॉझिटरी यादीतून काढूनच टाकावी.

पण याहून आधीचं काम माणसाचं आहे. कोल्हापुरातल्या प्रत्येक लहान कारखान्याने, दुकानाने, दवाखान्याने आपल्या सर्व्हरसाठी एक नाव ठरवावं: हे मशीन कोण पाहतं? त्या माणसाने एका कागदावर मशीनची आवृत्ती, तिची मुदत आणि जोडलेल्या सगळ्या रिपॉझिटरी लिहाव्यात, दर तीन महिन्यांनी तो कागद ताडून पाहावा, आणि या कामाचे त्याला पैसे मिळावेत. ३० सप्टेंबर २०२१ ला अडलेल्या मशीनांना दोन मिनिटांच्या उपायाची गरज होती आणि सतरा दिवस हातात होते. ती दोन मिनिटं कुणाच्या कामात धरलेली नव्हती, ती धरली पाहिजेत.